इवायांचा पाळणा आणि माझा बंपर

आमच्या घरच्या पाळण्यात आजवर दोनच माणसं झोपली आहेत. एक माझा नातू गोलू, वय चार महिने. दुसरा मी, वय पासष्ट.

गोलू त्यातून रोज सुखरूप बाहेर येतो. मला बाहेर काढायला मात्र चरोद्याहून माणूस बोलवावा लागला! आणि माणूस तरी कोण? ज्याच्या नावानं महिनाभर माझा जीव जळून कोळसा झाला होता, नेमका तोच. माझे व्याही, वासुदेवराव. आमच्या बोलीत इवाई. मुलाचं लग्न ठरतं तेव्हा हा माणूस फुकटात मिळतो आणि मग जन्मभर पुरतो.

तर झालं असं. पहिल्या नातवाचा पाळणा आजोळहून येतो, ही आमच्यातली रीत. सून रश्मी बाळंतपणाला चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत माहेरी गेली होती. तिसरा महिना संपला तशी ती स्मृति नगरात, आमच्या घरी परतली. पुढं कारमध्ये रश्मी, गोलू आणि माझा मुलगा अमोल. मागं मालाच्या ऑटोत एक प्रचंड वस्तू, आणि त्या वस्तूला धरून, लग्नातल्या घोड्यावर बसल्यासारखे ताठ, वासुदेवराव!

मला वाटलं होतं, बाजारातला प्लॅस्टिकचा पाळणा आणतील. पण हा माणूस रेल्वेत गार्ड होता, रिटायर झाला, आणि रिकामा हात त्याला सहन होत नाही. त्यानं मोबाइलवर बघून बघून, अस्सल सागवानाचा, चारी बाजूंनी उभ्या गजांचा, चकाचक पॉलिशचा पाळणा स्वतःच्या हातानं बनवला होता. (रश्मी त्याला 'क्रिब' म्हणते. मी 'पिंजरा' म्हणायचो, पण मनात.)

"पाहा इवाई," वासुदेवराव गजावर थाप मारत म्हणाले, "याच्यात हत्तीचं पिल्लू ठेवा, हालणार नाही!"

"हालत नाही त मंग पाळणा कायचा?" मी म्हटलं.

कोणीच हसलं नाही. उलट माझी बायको मंदा त्या लाकडावरून हात फिरवत म्हणाली, "अवो माय! किती गुळगुळीत केलं जी!" अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही वस्तूवरून तिनं असा हात फिरवलेला नाही.

पाळण्याची एक बाजू दारासारखी खाली पडायची. तिला कुलूप होतं, आणि रेल्वेच्या डब्याला लागते तशी चौकोनी चावी. "पोट्टं मोठं झालं की आतून खोलून बाहेर पडन ना," वासुदेवरावांनी समजावलं, "म्हणून हे केलं. चावी एकच. माझ्यापाशी राहीन." आणि त्यांनी ती कमरेच्या जुडग्यात अडकवून टाकली. म्हणजे पाळणा आमच्या घरात, चावी त्यांच्या कमरेला! मला हे फार लागलं.

त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी पाळणा बघायचा, मग बाळ. "वा! कोणी बनवला?" "इवायांनी." "स्वतः? हातानं?" "हो." "आन तुमी काय दिलं?"

हाच तो प्रश्न. मी काय दिलं? मी 'गोलू' हे नाव दिलं होतं. त्यावरही विहीणबाईंचं म्हणणं असं, की ते त्यांनी दवाखान्यातच ठेवलं होतं.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी वासुदेवरावांकडे नव्हती. मिशी! चाळीस वर्षं तेल पाजून वाढवलेली, दोन्ही टोकांना वर वळवलेली मिशी. गोलूला मांडीवर घेतलं की तो दोन्ही मुठींनी ती धरायचा आणि सोडायचा नाही. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या, पण मी हूं की चूं करायचो नाही. वासुदेवराव सफाचट. तेव्हा बसा म्हटलं चावी घेऊन.

आता खरी लढाई कशाची होती ते सांगतो. गोलू अजून हसला नव्हता. म्हणजे ओठ रुंद करायचा, पण आवाज काढून, खळखळून असा एकदाही नाही. रश्मी म्हणाली, "बस, आता कधी पण हसेल." झालं! त्याचं ते पहिलं हसू कोणाला मिळणार, यावर दोन आजोबांचं काहीही न बोलता युद्ध सुरू झालं. वासुदेवराव दर रविवारी सकाळच्या लोकलनं पावर हाउस स्टेशनला उतरायचे, तिथून ऑटोनं आमच्याकडे. खिशात शिटी, पिशवीत हिरवी झेंडी. पाळण्यापुढं उभे राहून शिटी वाजवायचे, झेंडी दाखवायचे. मी दुसऱ्या बाजूनं मिशीची टोकं आळीपाळीनं वर-खाली करायचो. (ही कला आहे. सगळ्यांना जमत नाही.) गोलू दोघांकडे बँकेतल्या साहेबासारखा बघायचा आणि जांभई द्यायचा.

असे तीन रविवार गेले. तोवर मी पाळण्यात खोट शोधून राहिलो होतो. शोधणाराला देवातही सापडते, हे तर सागवान होतं! मी पोलादाच्या प्लांटात अडतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा सेफ्टी खात्यात. हेल्मेटशिवाय माणूस दिसला की माझ्या तोंडून आपोआप शिटी निघायची. त्या नजरेनं एके सकाळी पाळणा तपासला आणि सापडलं! चारही बाजूंनी कडक लाकडाचे गज, आणि आत मऊ डोक्याचं पोर. गार्ड कुठं आहे? कुशन कुठं आहे? रेल्वेवाल्याला काय कळते सेफ्टी!

"अमोल," मी ओरडलो, "याचं डोकं आपटलं त?"

अमोल मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "बाहेरच्या देशात बंपर लावतात बाबा. आतून चारी बाजूनं गादी बांधतात."

बंपर! शब्द ऐकताच माझ्या अंगात वीज गेली. पाळणा त्यांचा, पण बंपर माझा! पाळणा कोणाला दिसणारच नाही, दिसेल तो बंपर! येणारा-जाणारा विचारेल, "हे एवढं मऊ-मऊ कोणी केलं?" आणि मी फक्त मिशीवरून हात फिरवीन.

"बिलकुल नाही," रश्मी आतून दुपट्यांच्या घड्या घेऊन येत म्हणाली. "डॉक्टरने साफ मना केलंय. क्रिब में कुछ नहीं रखना है. उशी नाही, खेळणं नाही, बंपर नाही. फक्त कडक गादी आणि घट्ट चादर."

"अवं, पण डोकं..."

"बाबा, तो अजून पलटत पण नाही. डोकं कुठून आपटणार?"

"आज पलटत नाही, उद्या पलटन! सेफ्टी म्हणजे काय? उद्याचा विचार आज करणं!"

"हां, तर उद्या पलटेल आणि तोंड त्या गादीत दबेल. छोटं बाळ आहे, दबलेलं तोंड सोडवता येत नाही. सांस रुकेगी तो? थोडंसं डोकं आपटलं तर रडेल, आम्ही उचलू. सांस रुकी तो रोएगा भी नहीं."

बोलणं सरळ होतं. मी मानलंही असतं. पण ती पुढं म्हणाली, "माझ्या पप्पांनी पण पाळणा बनवायच्या आधी डॉक्टरला जाऊन विचारलं होतं. गजांमधलं अंतरसुद्धा विचारून ठेवलंय त्यांनी."

आधीच विचारलं होतं! म्हणजे सेफ्टीतही हा माणूस माझ्या पुढं! अकरा वर्षं सेफ्टीत मी काढली आणि डॉक्टरला विचारायला गेले ते. इथं माझ्या डोक्यातला फ्यूज उडाला. आता प्रश्न बाळाच्या डोक्याचा उरला नव्हता, माझ्या नाकाचा झाला होता. कबूल करतो. लाज वाटते, पण कबूल करतो.

दुसऱ्याच दिवशी मी पावर हाउसच्या बाजारात. फोम घेतला. वरून कापड नको, बाळ शू करणार, म्हणून रेक्झिन. रंग कोणता? दुकानदारानं गुलाबी दाखवला, निळा दाखवला, ससे-हरणं छापलेला दाखवला. माझ्या डोळ्यांना काही पटेना. अडतीस वर्षं जिथं-जिथं धोक्याची कड पाहिली तिथं एकच रंग पाहिला. मी म्हटलं, "पीला और काला दो. पट्टे-पट्टे में."

"ट्रक का काम है क्या, बाबूजी?"

"मेरे पोते का है."

दुकानदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं कात्री घेतली.

शनिवारी मंदा हळदी-कुंकवाला गेली, अमोल-रश्मी गोलूला घेऊन वर झोपलेले. मी मंदाची शिलाई मशीन काढली. रेक्झिननं पहिल्या पाच मिनिटांत दोन सुया मोडल्या. तिसरी मोडली तेव्हा मी मशीन होती तशी झाकून ठेवली आणि चपला चिकटवायचं सोल्यूशन काढलं. पट्टे एकमेकांना चिकटवले, कडा दुमडून चिकटवल्या. वर लिहिलं होतं की चोवीस तास वाळू द्या. कंपन्यांना काय, लिहायचं म्हणून लिहितात!

मंदा घरी आली. दारातच थांबली. "हे काय होय? रेल्वेचं फाटक बनवून राहिले का?"

"बंपर होय."

"पोरीनं नाही म्हटलं ना?"

"तिनं पाहिला कुठं आहे अजून?"

"पाहिल्यावर त पोरगी घरातूनच जाईन! कावून असे लहान पोरावानी करता? त्यायनं पाळणा दिला त देऊ द्या ना. तुमच्या पोटात कायले दुखते?"

"माझ्या पोटात काही दुखत नाही," मी म्हटलं. दुखत होतं.

रात्रभर (म्हणजे मला झोप लागेपर्यंत, साडेनऊला) मी विचार केला. नवीन साधन बसवलं की आधी ट्रायल घ्यायची, आणि ती सेफ्टीवाल्यानं स्वतः घ्यायची, हा प्लांटचा नियम. मी स्वतः पाळण्यात झोपायचं, बंपरला नाक लावून दहा मिनिटं श्वास घेऊन दाखवायचा. मग डॉक्टर काय बोलेल? मग वासुदेवराव काय बोलतील?

रविवार उजाडला. वासुदेवराव अकराला येणार. अमोल-रश्मी गोलूला घेऊन शेजारच्या गल्लीत मैत्रिणीकडे गेलेले. मंदा स्वयंपाकघरात. मी बंपर पाळण्याला आतून बांधला. नायलॉनची दोरी, आणि गाठी क्रेनच्या, ज्यांवर आम्ही लोखंड उचलायचो. मग स्टूल ठेवला, एक पाय आत, दुसरा पाय आत, आणि हळूच आडवा झालो.

पाळण्याचं काम पक्कं होतं. माझा पंच्याऐंशी किलो देह आत उतरला तरी हूं नाही की चूं नाही! (तेव्हाही मला याचं दुःखच झालं.) आता कुशीवर झालो. पाठ एका बाजूच्या गजांना, गुडघे दुसऱ्या बाजूच्या, आणि तंगड्या पायथ्याच्या कठड्यावरून बाहेर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आजोबाचे बाहेर दिसत होते. मग घड्याळ पाहिलं आणि नाक, तोंड, मिशी, सगळं बंपरला घट्ट लावलं.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला गरम व्हायला लागलं. मी सोडलेलाच श्वास परत माझ्याच नाकात येऊन राहिला होता, वरून सोल्यूशनचा वास. फर्नेसशेजारी उभं राहून डबा खाल्लेला माणूस मी, मला घाम फुटला! तिसऱ्या मिनिटाला स्वच्छ कळलं की डॉक्टर बरोबर आहे, रश्मी बरोबर आहे आणि, देवा रे देवा, वासुदेवरावही बरोबर आहेत. मला तर तोंड मागं घेता येते. त्या चार महिन्यांच्या जिवाला कुठून येणार?

मी ठरवलं. गुपचूप उठायचं, बंपर सोडायचा, भंगारवाल्याला द्यायचा. कोणाला काही सांगायचं नाही. अकरा वाजता वासुदेवरावांना हसून "या" म्हणायचं.

डोकं उचललं. उचललं म्हणजे उचलायला गेलो. मिशी आली नाही!

पुन्हा ओढून पाहिलं. डोळ्यांपुढं काजवे. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर सोल्यूशन ओलं राहिलं होतं, आणि माझी डावीकडची मिशी मुळापर्यंत त्यात रुतली होती. बंपर पाळण्याला बांधलेला, मी बंपरला चिकटलेलो, हात अंगाखाली, गुडघे गजांत. चोवीस तास हे त्यांनी लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

"मंदे!"

"काय?"

"जरा इकडं ये."

"भाजी चिरून राहिली."

"चाकू ठेव आन ये!"

मंदा आली. मला फक्त पिवळा रंग दिसत होता, त्यामुळे तिचा चेहरा कळला नाही. मग आवाज आला, "अवो माय! मेले का जिवंत हाय?"

"मिशी चिकटली."

"थांबा, कात्री आणतो."

"खबरदार!" मी ओरडलो. "मिशीले हात लावायचा नाही!" तुम्हीच सांगा, गोलू धरतो ती एकच वस्तू होती माझ्याजवळ. ती कापली की मी आणि वासुदेवराव सारखे. नाही, सारखेसुद्धा नाही. त्यांच्याकडे पाळणा होता!

मंदानं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल आणलं. ते मिशीवर ओतलं. तेल कानात गेलं, मानेवरून बनियनमध्ये गेलं, गोलूच्या गादीत गेलं. जिथं जायचं तिथं सोडून सगळीकडे गेलं. मग तिनं दोरी सोडायचा प्रयत्न केला. क्रेनच्या गाठी! माझ्या हयातीत माझी एक गाठ सुटलेली नाही.

"दोरी कापली तरी गुडघे अडकलेच हाय. ही बाजू खाली पाडली त निघान तुमी," ती म्हणाली. "चावी पायजे. इवायाले फोन लावतो."

"मंदे, तुले गळ्याची शप्पथ आहे! मी असाच राहीन. जेवण इथंच दे. पण त्यायले फोन नको!"

तिनं फोन लावला. वर स्पीकर चालू केला, कारण हात तेलाचे होते.

"हॅलो, इवाई? आमचे हे पाळण्यात अडकले जी."

पलीकडून गार्डाचा कडक आवाज, "डोकं कोण्या बाजूनं हाय? खिडकीच्या का दाराच्या?"

"खिडकीच्या."

"हालवू नका. मी पावर हाउसले उतरलो. ऑटो करून राहिलो."

तेवढ्यात अमोल-रश्मी आले. अमोलनं आधी फोटो काढला. "नियर मिस रिपोर्टला लागतो ना, बाबा," म्हणाला. (अपघात थोडक्यात टळला की प्लांटात आम्ही तो रिपोर्ट भरायचो.) रश्मी पदर, आपलं ते, ओढणी तोंडावर धरून बाहेर पळाली. मी आतून म्हटलं, "पोरी, तुझं बरोबर होतं बरं. याच्यात श्वास कोंडते. मी ट्रायल घेतली." बाहेरून नुसताच धाप लागल्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

वासुदेवराव आले. मी डोळे मिटले. महिनाभर ज्याच्यापुढं ताठ मानेनं फिरलो त्याच्यासमोर पिवळ्या-काळ्या बंपरला ओठ चिकटवून पडलो होतो. आता हा हसणार, आणि जन्मभर हसणार. पण हसण्याचा आवाज आलाच नाही. त्यांनी पाळण्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "गज त नाही ना तडकला?"

"माणूस तडकला हाय इथं!" मी म्हटलं.

जुडगा खुळखुळला. चौकोनी चावी फिरली, बाजू खाली पडली, अमोलनं विळ्यानं दोऱ्या कापल्या आणि मी गडगडत बाहेर. सुटलो एकदाचा! उभा राहिलो तर बंपर माझ्या मिशीला लटकून जमिनीपर्यंत. वरून तेल ठिबकून राहिलं. शेवटी रश्मीनं गोलूला वासुदेवरावांच्या कडेवर दिलं, माझी हनुवटी धरली, आणि मंदानं डावी मिशी कापली. कचकन्. चाळीस वर्षं!

बंपर खाली पडला. मी मान वर केली. समोर वासुदेवरावांच्या कडेवर गोलू. त्यानं सवयीनं हात पुढं केला. उजवीकडे मिशी सापडली. डावीकडे सापडली नाही. त्यानं पुन्हा उजवीकडे पाहिलं. आहे. पुन्हा डावीकडे. नाही. त्याचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, आता रडतो म्हणून मी हात पुढं केले, आणि गोलू हसला!

नुसता हसला नाही. पोटातून, आवाज काढून, खळखळून, थांबून श्वास घेऊन पुन्हा हसला. मंदाच्या हातात अर्धी मिशी तशीच. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि या वेळी मिशी ओढल्याचं नव्हतं. वासुदेवरावांकडे पाहिलं तर तेही खांद्यानं डोळे पुसून राहिले होते.

"तुमाले पाहून हसला, इवाई," ते म्हणाले.

"तुमच्या कडेवर होता ना पण," मी म्हटलं.

हे आम्ही दोघं मनापासून बोललो. पुढचं जवळपास एक मिनिट आमच्यात कसलाही हेवा नव्हता. मग ते म्हणाले, "हो, तसं माझ्या कडेवर त होता," आणि पुन्हा सुरू झालं.

अर्धी मिशी घेऊन कुठं फिरणार? संध्याकाळी उरलेली उजवीही काढली. सोमवारी सकाळी गोलूनं माझा चेहरा पाहिला आणि स्मृति नगर डोक्यावर घेतलं. मांडीवर येईना. ओळखच देईना. दोन दिवस मी तोंडाला रुमाल बांधून त्याला खेळवला. बंपर मंदानं माझ्याच पलंगाला, भिंतीच्या बाजूनं लावून टाकला, कारण झोपेत मी भिंतीला कोपर मारतो. रंग उठून दिसतो. गोलूचा पाळणा मात्र डॉक्टरनं सांगितला तसा रिकामा: नवी कडक गादी, घट्ट चादर आणि मधोमध गोलू. बघायला येणारे अजूनही गजांवरून हात फिरवतात.

पुढच्या रविवारी वासुदेवराव आले. चप्पल काढली, पाणी घेतलं, आणि सरळ गोलूपुढं जाऊन ओठ वर-खाली करू लागले. मी चष्मा लावला. नाकाखाली काळं-पांढरं काहीतरी उगवलं होतं. आठ दिवसांची मिशी!

"हे काय, इवाई?"

"काही नाही," ते नजर चुकवत म्हणाले. "रिटायर माणूस. वेळ जात नाही. म्हटलं वाढवून पाहू. तुमी नसता तेवा याले काहीतरी धराले पायजे ना. महिनाभर पाहून राहिलो होतो, तुमचीच धरते."

म्हणजे हा माणूसही महिनाभर जळत होता! आपल्यासारखाच! मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना स्वतःच्या हातानं चहा करून दिला. मात्र त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. सोमवारपासून मी पावर हाउसला लोखंडाच्या दुकानांतून डब्याची चौकोनी चावी शोधत फिरून राहिलो होतो.

कपबशी उचलताना मंदाला माझ्या खिशातून चावीच्या मापाचा कागद पडलेला दिसला. तिनं कागद पाहिला, मग त्यांची मिशी पाहिली, आणि कपाळावर हात मारला.

"बंपर पोराले नाही, तुमा दोघायच्या मधात लावाले पायजे होता!"

वासुदेवराव खाली बघायला लागले. मी जरा विचार केला आणि एवढंच विचारलं, "पिवळा-काळाच चालन ना?"